आखडत काहीच नव्हतं

१९४१ च्या सुमारास हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठात इलोना बांगा सशाच्या स्नायूंचा खिमा करत होती. काम नेहमीचं होतं. ताजं मांस थंड करायचं, बारीक करायचं, पोटॅशियम क्लोराइडच्या दाट द्रावणात वीस मिनिटं ढवळायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून चोथा वेगळा काढायचा. वर जे पातळ द्रावण उरतं त्यात मायोसिन हे प्रथिन उतरलेलं असतं. युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांत हे चालत आलं होतं. एकदा मात्र खिमा द्रावणात दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला आणि पाहतात तो मिश्रण दाट, लिबलिबीत झालेलं. ससा तोच, मीठ तेच, माणसं तीच. फरक फक्त एका रात्रीचा.

प्रयोगशाळेचा प्रमुख आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी. अशा वेळी ‘प्रयोग बिघडला, टाकून द्या’ म्हणणारा हा गृहस्थ नव्हता. वीस मिनिटांत निघालं त्याला त्यांनी मायोसिन ‘अ’ म्हटलं आणि रात्रभर ठेवून निघालं त्याला मायोसिन ‘ब’. मग दोन्हींत थोडं एटीपी, म्हणजे स्नायूचं इंधन, टाकून पाहिलं. ‘अ’ला फारसा फरक पडला नाही. ‘ब’ मात्र क्षणात पातळ झालं. म्हणजे ‘ब’मध्ये मायोसिनशिवाय आणखी काहीतरी होतं. जवळजवळ ऐंशी वर्षं ज्याला एकच पदार्थ समजलं गेलं, तो निदान काही वेळा दोन पदार्थांचा होता.

स्नायू आखडतो म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न त्याहून फार जुना. हात मुडपला की दंडावर बेंडकुळी वर येते, हे पोराटोरांनाही दिसतं. त्यामुळे स्नायू फुगतो म्हणून आखडतो, असं विद्वानांनी शतकानुशतकं मानलं. मज्जातंतूंच्या पोकळ नळ्यांमधून काहीतरी सूक्ष्म द्रव्य स्नायूत उतरतं आणि तो फुगतो, अशी ती कल्पना. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच संशोधकाने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत ठेवला, नळीच्या बारीक टोकात पाण्याचा एक थेंब सोडला आणि स्नायूचा मज्जातंतू डिवचला. स्नायू आखडला, पण थेंब वर चढला नाही. बेंडकुळी येते ती स्नायूचा आकार बदलतो म्हणून. आकारमान आहे तेवढंच राहतं. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. तो सविस्तर छापला गेला मात्र स्वामरडामच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी.

फुगण्याची कल्पना मागे पडली. तिच्या जागी आली ती लहान होण्याची. स्नायू आखूड होतो म्हणजे त्याच्या आतलं काहीतरी स्वतः आखूड होत असणार: गुंडाळलं जात असेल, दुमडत असेल, आक्रसत असेल. तर्क इतका सरळ की त्यावर शंका घ्यावी असं कुणाला वाटलंच नाही. १८६४ मध्ये विल्हेल्म क्यूने याने बेडकाच्या स्नायूंतून प्रथिन वेगळं काढून त्याला मायोसिन हे नाव दिलं, तेव्हा त्या आखडणाऱ्या ‘काहीतरी’ला नावही मिळालं.

याच शतकात दुसरीकडे सूक्ष्मदर्शकवाले आपलं काम करत होते. हाडांना जोडलेल्या स्नायूंचे तंतू भिंगाखाली आडव्या पट्ट्यांचे दिसतात. एक गडद, एक फिकट, पुन्हा गडद, असे टोकापर्यंत. विल्यम बोमनने १८४० मध्ये त्यांचं बारकाईने वर्णन केलं. फिकट पट्ट्याच्या मधोमध एक काळी रेघ असते. एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचा तुकडा म्हणजे एक सार्कोमिअर. बेडकाच्या स्नायूत त्याची लांबी साधारण दोन-सव्वादोन मायक्रॉन, म्हणजे सेंटिमीटरभर तंतूत असे चार हजारांहून जास्त तुकडे एकापुढे एक. प्रत्येक तुकडा किंचित आखूड झाला की सगळा स्नायू चांगलाच आखूड होतो.

तर मग आखडताना या पट्ट्यांचं काय होतं? १८६९ मध्ये विल्हेल्म क्राउझ या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की गडद पट्टा आहे तेवढाच राहतो, कमी होतो तो फिकट. हे वाक्य नीट वाचलं असतं तर पुढची ऐंशी वर्षं वाचली असती. पण ते विसरलं गेलं. विसरण्याला कारणंही होती. जाड तंतू भिंगाखाली धरून फोकस थोडा हलवला की गडद फिकट दिसतं आणि फिकट गडद. त्यामुळे दहा निरीक्षकांची दहा मतं. शिवाय आतड्याच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले अपट्टकी स्नायू पट्ट्यांवाचूनही व्यवस्थित आखडतात. मग पट्ट्यांना महत्त्व ते काय? वेगवान स्नायूंची काहीतरी खास सजावट असावी, असं समजून शरीरक्रियाशास्त्र पुढे निघालं आणि विसावं शतक रसायनशास्त्राच्या मागे लागलं.

रसायनशास्त्राने आधी पकडलं लॅक्टिक आम्ल. फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये केंब्रिजला दाखवलं की दमलेल्या स्नायूत ते साठतं. मग आम्लामुळेच प्रथिन आखडत असेल, हा सिद्धान्त उभा राहिला. ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं ते याच क्षेत्रातल्या कामासाठी. हिलची उष्णतेची मोजमापं आजही नावाजली जातात. आम्लाचा सिद्धान्त मात्र त्या नोबेलनंतर दहा वर्षंही टिकला नाही.

त्याला पहिला धक्का देणाऱ्यांत एक भारतीय होता. भीमावरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन बोस्टनला पोहोचला होता आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्केबरोबर काम करत होता. दोघांनी फॉस्फरस मोजण्याची एक रंगपद्धत बसवली. द्रावणाला किती निळा रंग आला यावरून फॉस्फेट किती ते कळायचं. ही पद्धत आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. ताज्या स्नायूचा अर्क घेतला की रंग यायला उशीर लागायचा. एखाद्याने तेवढा वेळ थांबून आकडा लिहिला असता आणि पुढच्या परीक्षानळीकडे वळला असता. हे दोघे त्या उशिराच्या मागे लागले आणि १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडलं. हे संयुग इतकं नाजूक की मोजता मोजताच तुटायचं. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत फिस्के-सुब्बाराव अशा दोन्हीकडे एटीपी हाती आलं. पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगोर्डने विषाने लॅक्टिक आम्लाची निर्मिती बंद पाडूनही स्नायू आखडून दाखवला. नोबेलविजेता सिद्धान्त तिथेच संपला. हिलने पराभव खिलाडूपणे मान्य केला, ही नोंदही करायला हवी.

मग १९३९ मध्ये मॉस्कोहून व्लादिमिर एंगेलहार्ट आणि मिलित्सा ल्युबिमोव्हा यांनी कळवलं की एटीपी फोडण्याचं काम मायोसिन स्वतःच करतं. तोवर मायोसिन म्हणजे स्नायूची बांधणी आणि विकर म्हणजे वेगळं काहीतरी, अशी वाटणी होती. आता यंत्राचा सांगाडा आणि इंधन जाळणारा भाग एकच निघाला. सेंट-ज्यॉर्जीने ते वाचलं आणि तो स्नायूंकडे वळला.

तो त्या वेळी हंगेरीतला सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञ होता. सेगेदच्या पाप्रिका मिरचीतून त्याने ‘क’ जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात काढलं होतं. १९३७ चं नोबेल त्याला मिळालं त्यात या कामाचा वाटा मोठा होता. पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना युद्ध व्यर्थ आहे असं वाटून त्याने स्वतःच्या दंडात गोळी मारून घेतली होती आणि मग परतून वैद्यकीय शिक्षण पुरं केलं होतं. अशा माणसाच्या हाताखाली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काम चालू होतं. बाहेरच्या जगातली नियतकालिकं जेमतेम येत होती आणि इथलं बाहेर जवळजवळ काहीच जात नव्हतं.

‘ब’मध्ये लपलेलं दुसरं प्रथिन शोधायचं काम ब्रुनो श्ट्राउबने अंगावर घेतलं. मायोसिन काढून घेतलेला चोथा अ‍ॅसिटोनने धुऊन त्याने वाळवला आणि त्या भुकटीवर नुसतं पाणी घातलं. पाण्यात जे उतरलं ते अ‍ॅक्टिन. १९४२ चा हा शोध. भुकटीची ही कृती इतकी चांगली बसली की ती पुढे अनेक दशकं जगभर जवळजवळ तशीच वापरली गेली. अ‍ॅक्टिन दोन रूपांत राहतं, सुटे गोल रेणू आणि त्यांची लांब माळ, हेही श्ट्राउबने दाखवलं. (हाच श्ट्राउब १९८८ ते १९८९ या काळात हंगेरीच्या अध्यक्षीय मंडळाचा प्रमुख, म्हणजे राष्ट्रप्रमुख झाला. जीवरसायनशास्त्रातून तिथवर पोहोचलेली माणसं मोजकीच असतील.) मायोसिन आणि अ‍ॅक्टिन एकत्र आले की होतं ते अ‍ॅक्टोमायोसिन, म्हणजेच बांगाचं ‘ब’. खिमा रात्रभर राहिला तेव्हा त्यातलं एटीपी संपलं होतं, म्हणून अ‍ॅक्टिन मायोसिनच्या जोडीने बाहेर आलं होतं. मेलेल्या जनावराचं अंग काही तासांत ताठरतं तेही याच कारणाने. एटीपी संपलं की दोन्ही प्रथिनं एकमेकांना धरून बसतात, सोडत नाहीत. ‘अ’ आणि ‘ब’ वरच्या निबंधावर पहिलं नाव बांगाचं आहे. नंतरच्या पुस्तकांतून मात्र पुष्कळदा सेंट-ज्यॉर्जीचं तेवढं उरलं.

अ‍ॅक्टोमायोसिन बारीक छिद्रातून पाण्यात सोडलं की त्याचा धागा बनतो. त्या धाग्यावर स्नायू उकळून काढलेलं पाणी टाकलं. त्यात एटीपी होतं, क्षार होते. धागा भिंगाखाली सर्रकन आखडला. बरणीतल्या रसायनाने सजीवासारखी हालचाल केली होती. सेंट-ज्यॉर्जीने पुढे अनेकदा सांगितलं की आयुष्यात याहून थरारक क्षण त्याने अनुभवला नाही. त्यावर अविश्वास ठेवायचं कारण नाही. पण माझ्या मते याच प्रयोगाने सगळ्यांना आणखी दहा-बारा वर्षं चुकीच्या बाजूला बघायला लावलं. धागा सगळ्या बाजूंनी आक्रसत होता, लांबीत आणि जाडीतही. स्नायू तसा आखडत नाही, हे स्वामरडामने दाखवून ठेवलंच होतं. तरी धागा पाहणाऱ्याला वाटायचं ते हेच की पदार्थ स्वतः लहान होतो. खिम्यात पदार्थ सापडतो, पण त्याची मांडणी करताक्षणीच मोडलेली असते. आणि गुपित मांडणीत होतं.

युद्धाने मधेच वेगळं वळण घेतलं. १९४३ मध्ये सेंट-ज्यॉर्जी व्याख्यानाच्या निमित्ताने इस्तंबूलला गेला आणि तिथे हंगेरीच्या सरकारच्या वतीने गुपचूप ब्रिटिशांशी बोलला. जर्मनांना ते कळलं. हिटलरपर्यंत त्याचं नाव पोहोचलं. १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरल्यावर त्याला भूमिगत व्हावं लागलं. स्वीडनने त्याला नागरिकत्व देऊन आसरा दिला. सेगेदचं सगळं काम एकत्र मांडलेला त्याचा ग्रंथ १९४५ मध्ये स्वीडनच्या एका शास्त्रीय नियतकालिकाची पुरवणी म्हणून निघाला आणि पश्चिमेला तेव्हा कुठे कळलं की ऐन युद्धात टिसा नदीच्या काठी काय होऊन गेलं. १९४७ मध्ये तो अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या वुड्स होलला येऊन राहिला. तिथे १९४९ मध्ये त्याने आणखी एक युक्ती दिली. स्नायूच्या पट्ट्या थंड ग्लिसरीनमध्ये ठेवल्या तर पेशीतलं बाकीचं बरंच निघून जातं, पण आतली मांडणी जशीच्या तशी टिकते. एटीपी दिलं की असा स्नायू आठवड्यांनंतरही आखडतो. मला तर हीच त्याची सर्वांत मोठी देणगी वाटते, कारण पुढचे लोक खिम्यातून बाहेर पडले ते हिच्यामुळे.

ते पुढचे लोक म्हणजे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. ह्यू युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर होता. अणुबाँबनंतर त्याचं अणुभौतिकीवरून मन उडालं आणि केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पेरूट्झ आणि केंड्रू यांच्या छोट्या गटात तो शिरला. तिथे त्याने बेडकाच्या जिवंत स्नायूतून क्ष-किरण सोडले. स्नायूत तंतू षटकोनी रचनेत उभे आहेत आणि ताठरलेल्या स्नायूत तीच रचना वेगळी छबी देते, एवढं त्याला कळलं. तंतू दोन प्रकारचे असावेत, हा अंदाज इथला. १९५२ मध्ये तो अमेरिकेत एमआयटीत गेला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शिकायला. स्नायूचे अतिशय पातळ काप घेऊन पाहिले तर जाड तंतू आणि त्यांच्या मधल्या जागांत बारीक तंतू, दोन्ही स्पष्ट दिसले.

हॅन्सन लंडनच्या किंग्ज कॉलेजची, प्राणिशास्त्राची माणूस. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक तिच्या हातचा. तीही १९५३ मध्ये एमआयटीत आली. दोघांनी ग्लिसरीनमधल्या सशाच्या स्नायूतून एकेक तंतुक सुटं केलं आणि भिंगाखाली धरूनच त्यावर सेगेदसारखं दाट मीठ सोडलं. मायोसिन विरघळून गेलं आणि डोळ्यांदेखत गडद पट्टे नाहीसे झाले! म्हणजे मायोसिन गडद पट्ट्यात, जाड तंतूंच्या रूपात, आणि अ‍ॅक्टिन बारीक तंतूंत. रसायनशास्त्र आणि सूक्ष्मदर्शक यांना पहिल्यांदाच एका काचपट्टीवर बसवलं होतं.

मग एटीपी. तंतुक आखडू लागलं. गडद पट्टा आहे तेवढाच राहिला, फिकट पट्टा घटत गेला आणि गडद पट्ट्याच्या मध्यभागी जी थोडी उजळ जागा असते तीही मिटत गेली. दोन फण्या समोरासमोर धरून दातांत दात सारावेत, तसे बारीक तंतू जाड तंतूंच्या मध्ये शिरत होते. ना दात आखूड होत होते, ना फणी. आखडत काहीच नव्हतं. सरकत होतं.

त्याच सुमारास केंब्रिजला दुसरा एक हक्सली याच ठिकाणी पोहोचला होता. अँड्र्यू हक्सली. ह्यूचा आणि त्याचा काहीही नातेसंबंध नाही. डार्विनची बाजू लढवणाऱ्या टी. एच. हक्सलीचा हा नातू आणि लेखक आल्डस हक्सलीचा सावत्र भाऊ. फोकस हलवला की पट्टे उलटेपालटे होतात, या जुन्या भांडणाचा निकाल लावायला त्याने स्वतःच व्यतिकरणावर चालणारा सूक्ष्मदर्शक तयार केला. जर्मनीहून आलेल्या रोल्फ नीडरगेर्के याच्याबरोबर त्याने बेडकाचा एक एक जिवंत तंतू त्याखाली आखडताना पाहिला. इथेही गडद पट्टा कायम, फिकट कमी. १९५३ च्या उन्हाळ्यात वुड्स होलला दोन्ही हक्सली भेटले, तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की आपण एकच गोष्ट बोलतो आहोत. दोघांनी एकदमच छापायचं ठरवलं आणि ‘नेचर’च्या २२ मे १९५४ च्या अंकात दोन्ही निबंध पाठोपाठ आले. आधी अँड्र्यू आणि नीडरगेर्के, मग ह्यू आणि हॅन्सन. आज अकरावीच्या जीवशास्त्रात पट्ट्यांची जी आकृती असते, ती या सहा-सात पानांतून आलेली आहे.

अँड्र्यूने नंतर जुनी जर्मन पुस्तकं धुंडाळली आणि क्राउझसारख्यांनी हे कधीच पाहून ठेवलं होतं, हे आवर्जून लिहिलं. आपल्या शोधाची नवलाई कमी होईल याची फिकीर न करता असं करणारे कमीच.

सगळ्यांना ते लगेच पटलं असं मुळीच नाही. प्रथिन दुमडतं हे मत सोडवत नव्हतं. तंतू सरकतात हे मान्य केलं तरी त्यांना सरकवतं कोण? १९५७ मध्ये ह्यूने आणखी पातळ काप घेतले आणि जाड तंतूंपासून बारीक तंतूंकडे जाणारे आडवे पूल दाखवले. मायोसिनच्या रेणूची ही डोकी. डोकं अ‍ॅक्टिनला धरतं, सुमारे दहा नॅनोमीटर ओढतं, एटीपी मिळालं की सोडतं आणि पुढे पुन्हा धरतं. त्याच वर्षी अँड्र्यूने या पुलांचं गणित मांडलं. स्नायूला ‘आता ओढ’ हा हुकूम देतं ते कॅल्शियम, हे टोकियोच्या सेत्सुरो एबाशीने सिद्ध केलं.

निकाल लावला तो १९६६ च्या एका आलेखाने. गॉर्डन, अँड्र्यू हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाचा एकच तंतू वेगवेगळ्या लांबीला ताणून त्याचं बळ मोजलं. सार्कोमिअर दोन ते सव्वादोन मायक्रॉन असताना बळ सर्वांत जास्त, कारण तेव्हा जास्तीत जास्त पूल अ‍ॅक्टिनच्या समोर येतात. ताणत गेलं की दोन्ही तंतूंचा एकमेकांवरचा भाग कमी होतो आणि बळ सरळ रेषेत उतरतं. ३.६५ मायक्रॉनला ते शून्यावर येतं आणि जाड-बारीक तंतूंची लांबी मोजून पाहिलं तर नेमकं तिथेच ते एकमेकांपासून सुटलेले असतात. दुमडण्याच्या सिद्धान्ताला या सरळ रेषेचं उत्तर देता आलं नाही. १९७२ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरला जी परिषद भरली तिथे वाद सरकण्याबद्दल नव्हता, पुलांच्या हालचालीबद्दल होता. हॅन्सन पुढच्याच वर्षी, अचानक झालेल्या संसर्गाने, त्रेपन्नाव्या वर्षी गेली. अँड्र्यूला १९६३ मध्ये नोबेल मिळालं होतं ते मज्जातंतूंवरच्या कामासाठी. सरकणाऱ्या तंतूंसाठी ते कुणालाच मिळालं नाही.